जहाज म्हातारं कधी होतं? रणगाडे उतरवणारी जहाजं, त्यांचे स्पेअर पार्ट आणि त्यांची वही

नौदलातून निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवायचं, त्यावर प्रवाळ आणि मासे वाढू द्यायचे आणि पर्यटकांना ते पाण्याखाली दाखवायचं, असा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प आहे. ती बातमी वाचून माझा भाचा म्हणाला, "मामा, एवढं मोठं जहाज बुडवून काऊन राहिले? दुरुस्त नाही होत का?"

तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "जुनं झालं रे," एवढ्या उत्तरावर त्याचं समाधान झालं नाही, आणि होऊही नये. कारण त्याच घराण्यातलं एक जहाज १९४२ साली पाण्यात उतरलं आणि अजून स्वतःच्या इंजिनांवर फिरतं. मग अडतीस वर्षांचं गुलदार म्हातारं कसं आणि ऐंशी ओलांडलेलं ते जहाज धडधाकट कसं? नागपूरहून समुद्र कुठूनही जवळ नाही. पण या प्रश्नाचं उत्तर समजायला नागपूर मुळीच वाईट जागा नाही. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे, अजनीत रेल्वे इंजिनांचं शेड आहे, मोतीबागेत नॅरोगेजचा जुना वर्कशॉप आहे. यंत्र विकत घेणं सोपं आणि चालू ठेवणं अवघड, हे या गावातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

आधी हे जहाज असतं कसं ते पाहू. रणगाडे उतरवणाऱ्या जहाजाला एलएसटी म्हणतात. गुलदार त्याचं धाकटं भावंड, मध्यम आकाराचं. ट्रकचा मागचा फाळका पाडून माल उतरवतात ना, तसा या जहाजाचा फाळका पुढे असतो. नाकाडाचे दोन दरवाजे उघडतात, आतून उतार पडतो आणि रणगाडा स्वतःच्या पट्ट्यांवर चालत वाळूवर उतरतो. धक्का नको, क्रेन नको. त्यासाठी जहाजाला मुद्दाम किनाऱ्यावर रुतवावं लागतं, म्हणून त्याचा तळ जवळपास सपाट असतो. पण सपाट आणि उथळ तळाचं जहाज भर समुद्रात नीट चालत नाही. त्यावर तोडगा म्हणजे पोटातल्या टाक्या. समुद्रात असताना त्यांत पाणी भरायचं म्हणजे जहाज खोल बसतं आणि किनारा जवळ आला की पाणी उपसायचं म्हणजे ते वर येतं. रुतलेलं जहाज परत निघावं म्हणून किनाऱ्याकडे येतानाच मागे एक नांगर टाकून ठेवतात आणि जाताना त्याचीच दोरी ओढत बाहेर येतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याला अवजड सामान टाकून परतावं लागलं. तेच सामान परत युरोपच्या किनाऱ्यावर उतरवायचं कसं, या चिंतेतून ही कल्पना निघाली. सुरुवातीला व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरासाठी बांधलेल्या उथळ तेलवाहू जहाजांची नाकाडं कापून काम भागवलं. मग नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जॉन नीडरमायर या अभियंत्याने पाण्याच्या टाक्यांची युक्ती धरून कच्चं चित्र काढलं. त्यावरून युद्ध संपेपर्यंत १,०५१ जहाजं बांधली गेली. प्रत्येक ३२८ फूट लांब, ५० फूट रुंद.

त्यांतली ६७० जहाजं समुद्रकाठी बांधलेलीच नाहीत. समुद्रावरच्या गोद्या युद्धनौकांमध्ये गुंतल्या होत्या, म्हणून नदीकाठच्या गावांना हे काम दिलं. इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलने एकट्याने १६७ जहाजं बांधली. ही पूल आणि लोखंडी सांगाडे बांधणारी माणसं होती. जहाज ओहायो नदीत आडवं सरकवायचं आणि मिसिसिपीतून खाली न्यू ऑर्लिन्सपर्यंत न्यायचं. पूल आडवे यायचे म्हणून डोलकाठी तिथे गेल्यावर उभी करायची. समुद्र न पाहिलेल्या गावाने समुद्राचं जहाज बांधलं, ही गोष्ट मला नागपूरकर म्हणून फार जवळची वाटते.

नदीकाठच्या कारखान्यांना चालेल असं इंजिनही लागणार होतं आणि ते हजारोंनी लागणार होतं. इथे जो निर्णय झाला त्याने या जहाजांचं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं. जहाजासाठी वेगळं इंजिन न बनवता त्यांनी रेल्वेचं घेतलं. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाचं ५६७ नावाचं डिझेल इंजिन, बारा सिलिंडरचं, ९०० अश्वशक्तीचं. प्रत्येक जहाजात अशी दोन.

५६७ हा आकडा कुठून आला हे भाच्याला कागदावर काढून दाखवलं. एका सिलिंडरचा व्यास साडेआठ इंच, पिस्टनची धाव दहा इंच. गुणाकार केला की एका सिलिंडरचं आकारमान ५६७ घनइंच येतं. पुढे त्यांनी धाव तीच ठेवून व्यास थोडा वाढवला आणि ६४५ केलं. मग धाव अकरा इंच केली आणि ७१० झालं. आपल्याकडे वाराणसीत बनलेली डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही रेल्वेची डिझेल इंजिनं याच ७१० वर चालतात. त्याआधी १९६२ मध्ये भारताने डब्ल्यूडीएम-४ नावाची इंजिनं अमेरिकेतून आणली, ती सोळा सिलिंडरच्या ५६७ वर चालत. १९६९ साली पहिली हावडा राजधानी ओढली ती याच इंजिनांनी. महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या वाळूवर रणगाडे उतरवणारं आणि राजधानी ओढणारं इंजिन एकाच घराण्यातलं.

याचा स्पेअर पार्टशी संबंध असा. एखादा भाग फक्त जहाजासाठी बनत असेल तर जहाजं बनायची थांबली की त्या भागाचा साचा कधीतरी भंगारात जातो. तोच भाग जगभरातल्या रेल्वेंना लागत असेल तर तो अनेक दशकं बनत राहतो. युद्ध संपलं, जहाजांचे कारखाने बंद झाले, पण ५६७ ची मागणी संपली नाही. त्यात दुरुस्तीही शहाणपणाने योजलेली होती. सिलिंडरचं हेड, लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हा सगळा संच एकदम वर उचलून काढता येतो आणि दुसरा तयार संच तिथे बसवता येतो. एक सिलिंडर बिघडला म्हणून पूर्ण इंजिन खोलायची गरज नाही. काढलेला संच नंतर शेडमध्ये निवांत दुरुस्त करायचा.

पण इथे एक मेख आहे. ५६७ च्या नंतरच्या आवृत्तीच्या सांगाड्यात ६४५ चे संच बसतात, आधीच्यात बसत नाहीत. म्हणजे 'माझ्याकडे ५६७ आहे' एवढं सांगून चालत नाही. कोणती आवृत्ती, कधी बदलली, मध्ये कोणी सांगाड्यात फेरफार केला का, हे माहीत असायला हवं. त्यासाठी वही लागते. वहीकडे येतोच, त्याआधी रेल्वेचा आणखी एक धागा, कारण तो थेट भारतात येतो.

१९६९ ते १९७२ मध्ये अमेरिकेने न्यूपोर्ट वर्गाची वीस नवी एलएसटी बांधली. मोठी आणि वेगवान, २० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. पहिल्या तीन जहाजांत जनरल मोटर्सची ६४५ इंजिनं होती, बाकी सतरांत आल्को कंपनीची २५१ जातीची. रेल्वेतला कोणीही हे नाव ऐकून मान डोलावेल. वाराणसीच्या डिझेल कारखान्यात १९६४ पासून बनलेलं डब्ल्यूडीएम-२, इटारसीच्या शेडमध्ये आणि आपल्या स्टेशनावर वर्षानुवर्षं पाहिलेलं, ते याच आल्को २५१ वर चालायचं. अमेरिकेत आल्कोने रेल्वे इंजिनं बनवणं १९६९ सालीच बंद केलं. भारतात मात्र त्या इंजिनाचे सुटे भाग पुढे कित्येक दशकं बनले. वाराणसीत बनले, पतियाळात बनले, त्यांना माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांत बनले. मूळ कंपनी गेली तरी यंत्र जगू शकतं, ते अशा कारणाने. दुसरीकडे कुणीतरी तेच यंत्र रोज वापरत असलं पाहिजे.

भारताच्या स्वतःच्या एलएसटींची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. पहिलं 'आयएनएस मगर' १९४९ मध्ये ब्रिटनकडून आलं, मूळचं नाव 'एचएमएस अ‍ॅव्हेंजर'. ते वाफेवर चालणारं होतं. डिझेल इंजिनं पुरेशी मिळत नव्हती म्हणून ब्रिटिशांनी त्या वर्गाच्या जहाजांत फ्रिगेट या मध्यम आकाराच्या युद्धनौकांची वाफेची इंजिनं बसवली. दुसरं 'मगर' १९८७ मध्ये ताफ्यात आलं, कोलकात्याला बांधलेलं. २०२० च्या कोविडकाळात मालदीवमधून आपल्या लोकांना परत आणणाऱ्या जहाजांत ते होतं. मे २०२३ मध्ये ते कोचीत निवृत्त झालं. त्यानंतरच्या पिढीतल्या 'शार्दूल', 'केसरी' आणि 'ऐरावत' या कोलकात्यात बांधलेल्या जहाजांना किर्लोस्करांची इंजिनं आहेत. इंजिनाचा मूळ आराखडा परदेशी असला तरी ते पुण्याच्या कंपनीने बनवलेलं असलं की गॅस्केटसाठी दूतावासात पत्रं पाठवावी लागत नाहीत. देशात बनवण्याचा खरा फायदा जहाजाच्या जलावतरणाच्या दिवशी दिसत नाही, तो तिसाव्या वर्षी दिसतो.

गुलदार पोलंडमध्ये बांधलेलं. डिसेंबर १९८५ मध्ये ते नौदलात आलं, तेव्हा पोलंड आणि सोव्हिएत संघ एका गटात होते. पुढच्या सहा वर्षांत तो गटच उरला नाही. त्या बाजूची यंत्रसामग्री वापरणाऱ्या आपल्या तिन्ही दलांना नव्वदच्या दशकात सुट्या भागांची जी ओढाताण सोसावी लागली, ती संरक्षण क्षेत्रातली उघड गोष्ट आहे. बनवणारा कारखाना कुठल्या देशात गेला, कुणाच्या मालकीचा झाला, हेच आधी शोधावं लागायचं.

आता सुट्या भागांबद्दल थोडं. सगळे भाग एका जातीचे नसतात. फिल्टर, गॅस्केट, सील, ओ-रिंग हे वापरून टाकायचे. ते कायम जहाजावरच ठेवतात. इंजेक्टर, पंप, वर सांगितलेला सिलिंडरचा संच हे फिरते भाग. काढा, दुसरा लावा, काढलेला दुरुस्त करून परत कपाटात. तिसरी जात मोठी आणि महाग: प्रोपेलर, त्याला फिरवणारा शाफ्ट, पिस्टनची वरखाली धाव फिरतीत बदलणारा क्रँकशाफ्ट. बहुतेक वेळा यांची गरजच पडत नाही, पण पडली आणि नसला तर जहाज वर्षभर उभं. म्हणून विमा काढावा तसे ते आधीच घेऊन ठेवतात. आपल्या नौदलात जहाजावरचा साठा वेगळा आणि तळावरच्या भांडारातला वेगळा, अशी विभागणी असते.

सगळ्यात फसवा भाग रबराचा. लोखंडी बोल्ट तेल लावून गुंडाळला तर पन्नास वर्षं टिकेल, रबर कपाटात ठेवल्या ठेवल्या मरतं. जुन्या एलएसटीत इंजिनाची ताकद प्रोपेलरकडे नेणारा क्लच हवेने फुगणाऱ्या रबरी नळीवर चालायचा. साठ्यात अशा दहा नळ्या आहेत म्हणून निर्धास्त राहिलात, आणि त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या निघाल्या, तर तुमच्याकडे एकही नाही असं समजा. म्हणून चांगल्या भांडारात रबराच्या प्रत्येक वस्तूवर ती बनल्याची तारीख असते.

भाग मागायचा कसा? नाटो देशांनी त्यासाठी तेरा अंकी क्रमांक ठरवला आहे. पहिले चार अंक वस्तूची जात सांगतात: ५३१० म्हणजे नट आणि वॉशर, ३११० म्हणजे बेअरिंग, २८१५ म्हणजे डिझेल इंजिन आणि त्याचे भाग. पुढचे दोन अंक तो क्रमांक कोणत्या देशाने दिला ते सांगतात आणि शेवटचे सात त्या एका वस्तूचे. नाव देशागणिक बदलतं, एकाच देशात दोन गोद्यांतही बदलतं, पण क्रमांक बदलत नाही. जुन्या यंत्रासाठी हा क्रमांक सापडणं म्हणजे निम्मं काम झालं.

आणि नाहीच सापडला तर लेथ. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत एक जुना डिझेल पंप आहे. त्याचा बुश गेला तेव्हा मी एका ठिकाणी माप देऊन तसाच दुसरा करून घेतला. माप अगदी बरोबर होतं. आठवड्यात तो झिजून गेला. मग हिंगणा एमआयडीसीतल्या दुसऱ्या लेथवाल्यांकडे गेलो. त्यांनी माप घेण्याआधी विचारलं, "हा कशात फिरते? तेल कुठून लागते? पाणी येते का तिथं?" सगळं ऐकून म्हणाले, "भाऊ, हे पितळेचं काम नाही. गनमेटल पाहिजे." तो बुश अजून चालू आहे. जहाजाच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. आकाराची नक्कल कोणीही करेल. कोणता धातू, किती तापवून किती कठीण केलेला, किती सैल बसवायचा, ही माहिती वस्तू हातात धरून कळत नाही. ती मूळ ड्रॉइंगमध्ये असते, आणि ड्रॉइंग हरवलं असेल तर आधीच्या माणसाने वहीत काय लिहून ठेवलं त्यावर सगळं अवलंबून.

तर ती वही. प्रत्येक जहाजाबरोबर त्याचा इतिहास चालतो. कोणतं इंजिन किती तास चाललं, कोणता लायनर कधी बदलला आणि काढला तेव्हा किती झिजलेला होता, तेलाच्या तपासणीत कोणत्या धातूचे कण आले, गोदीत घेतल्यावर तळाचा पत्रा कुठे किती जाड उरला होता. साधी वाटणारी एक नोंद सांगतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट किती वाकतो हे त्याच्या दोन पात्यांमध्ये मापक लावून वेळोवेळी मोजतात, शतांश मिलिमीटरमध्ये. एका दिवसाचं माप काही बोलत नाही. वीस वर्षांची मापं एकाखाली एक लिहिलेली असली की कळतं, अमुक वर्षानंतर आकडा सरकला. त्या वर्षी काय झालं? जहाज किनाऱ्यावर जरा जोरात बसलं होतं. सांगाडा किंचित वाकला आणि त्यावर बसवलेलं इंजिन त्याच्याबरोबर वाकलं. आता मुख्य बेअरिंग सारखं का जातं ते समजलं. वही नसती तर दर दोन वर्षांनी बेअरिंग बदलत बसले असते.

एलएसटीला ही वही इतर जहाजांपेक्षा जास्त लागते, कारण हे जहाज मुद्दाम जमिनीला धडकतं. १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजारजवळ आपली जहाजं सैन्य उतरवायला गेली तेव्हा किनाऱ्याच्या अलीकडेच वाळूचा दांडा आडवा आला आणि त्याच्या पलीकडे पाणी पुन्हा खोल होतं, हे प्रसिद्ध आहे. असा प्रत्येक उतार जहाजाच्या अंगावर उमटतो. वाळूने तळाचा रंग खरवडला जातो. इंजिन थंड करायला ओढलेल्या पाण्याबरोबर वाळू आत जाते, पंपाचे पंखे आणि कूलरच्या नळ्या खाते. पोटातल्या टाक्यांत कधी खारं पाणी, कधी ओली हवा. गंजाला याहून सुपीक जागा नाही, आणि तिथे आत शिरून पाहणंही कठीण. गंज दुसरीकडे वळवायला तळाला जस्ताचे तुकडे बोल्टने बसवतात. खाऱ्या पाण्यात लोखंडाआधी जस्त झिजतं, तुकडा संपला की नवा लावायचा. किती लवकर संपला हीसुद्धा वहीतली महत्त्वाची नोंद.

जहाजाचा मालक बदलतो तेव्हा वहीची खरी कसोटी लागते. एलएसटी-८२१ घ्या. १९४४ मध्ये इव्हान्सव्हिलला बांधलं. १९५५ मध्ये अमेरिकेने या जहाजांना आकड्यांऐवजी परगण्यांची नावं दिली, तेव्हा हे 'हार्नेट काउंटी' झालं. मग दक्षिण व्हिएतनामकडे गेलं, नाव 'मी थो'. तो देश संपला, ते फिलिपिन्सकडे गेलं, नाव 'सिएरा माद्रे'. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ते दक्षिण चीन समुद्रातल्या एका उथळ खडकावर हक्क सांगण्यासाठी मुद्दाम रुतवलं. अजून तिथेच आहे, गंजून आरपार झालेलं, त्यावर सैनिक राहतात. इतक्या हातांतून गेलेल्या जहाजात कोणता व्हॉल्व्ह मूळचा आणि कोणता कुणी कुठून आणून बसवला, हे कागदाशिवाय सांगता येत नाही. त्यातच एका जहाजाचा भाग काढून दुसऱ्याला लावायची पद्धत सगळीकडे असते. तातडीच्या वेळी ते योग्यही आहे. पण दोन्ही वह्यांत नोंद झाली नाही तर एक जहाज मुकाट्याने लुळं होतं आणि दुसऱ्यात किती चाललेला भाग बसलाय ते कोणालाच कळत नाही.

आता ते ऐंशी ओलांडलेलं जहाज. एलएसटी-३२५, फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधलेलं. महायुद्धात सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडी इथे सैन्य उतरवलेलं. १९६४ पासून ग्रीक नौदलात 'सिरोस' या नावाने १९९९ पर्यंत. २००० साली अमेरिकेतले निवृत्त खलाशी, सरासरी वय बहात्तर, क्रीट बेटावर गेले. काही महिने तिथे राहून त्यांनी ते चालू केलं आणि स्वतः चालवत अटलांटिक ओलांडून जानेवारी २००१ मध्ये अलाबामातल्या मोबीलला आणलं. हे शक्य झालं त्यामागे जिद्द होतीच. पण इंजिन ५६७ होतं, त्याचे जाणकार आणि भाग दोन्ही जिवंत होते, आणि ग्रीकांनी ते कालपरवापर्यंत चालवलेलं होतं. आज ते इव्हान्सव्हिलला नदीत असतं आणि दरवर्षी प्रवासाला निघतं.

भाच्याला शेवटी हिशेब सांगितला. जहाज दुरुस्त होत नाही असं जवळपास कधीच नसतं. पत्रा कापून नवा जोडता येतो, इंजिनही नवं बसवता येतं. पण पत्रा कापायचा तर त्याच्या आतली वायर, नळ्या, रंग सगळं काढावं लागतं. नवं इंजिन बसवायचं तर गिअर, शाफ्ट, पाया, कधीकधी प्रोपेलरही बदलावा लागतो. एकेक भाग वेगळा बनवून घ्यायचा तर त्याची किंमत कारखान्यातल्या भागाच्या कितीतरी पट. दर वेळी गोदीतला मुक्काम लांबतो आणि समुद्रातले दिवस घटतात. ज्या वर्षी जहाज समुद्रापेक्षा गोदीत जास्त राहणार असं दिसतं, त्या वर्षी नौदल त्याचा निरोप समारंभ ठरवतं. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला 'चीता', 'गुलदार' आणि 'कुंभीर' यांचा झेंडा एकाच संध्याकाळी उतरला.

"म्हणजे ३२५ ला रेल्वेनं वाचवलं," तो म्हणाला. बरंचसं खरं आहे.

पुढच्या रविवारी आम्ही मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जाणार आहोत. तिथल्या इंजिनांवर बनवणाऱ्याची पाटी असते, तिच्यावर कारखान्याचा क्रमांक आणि साल. पण त्याला मी पाटीपेक्षा कनेक्टिंग रॉड बघायला सांगणार आहे. जुन्या वर्कशॉपमध्ये एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला गेला की त्यावर इंजिनाचा नंबर पंचाने ठोकायचे. एकाच दांड्यावर दोन-तीन नंबर आणि आधीचे छिन्नीने खोडलेले दिसले, तर तो कुठून कुठे फिरला ते तिथेच वाचता येतं.